क्लॅरिनेटचं तोंड

क्लॅरिनेट हे वाद्य आपल्या गाण्यासाठी जन्मलेलंच नाही. 1700 च्या आसपास जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला डेनर नावाच्या कारागिराने ते घडवलं. पुढची दीडेकशे वर्षं युरोपातल्या कारागिरांची खटपट बरीचशी एकाच गोष्टीसाठी चालली होती, प्रत्येक सूर आपल्या जागी पक्का बसावा. म्हणून भोकं सरकवली, चाव्या वाढवल्या. 1840 च्या सुमारास पॅरिसला क्लोझे आणि ब्युफे यांनी आज सगळीकडे दिसणारी चाव्यांची रचना तयार केली. आणि आपल्याला हवी मींड, म्हणजे दोन सुरांच्या मधली निसरडी वाट!

तरीही ते इथे रुजलं, आणि त्यात मराठी माणसाचा थोडा हात आहे बरं का. तंजावरचे सरफोजीराजे (राज्यकाळ 1798 ते 1832) यांच्या दरबारात विलायती वाद्यं आणि इंग्रजी धर्तीचा बँड होता. त्याच शतकात तंजावरकडच्या सदिर नाचाच्या साथीत मुखवीणेची जागा क्लॅरिनेटने घेतली. मुखवीणा म्हणजे आपल्या सनईची धाकटी बहीण. तिच्यावर सूर ओठांनी ओढता येतो. तिच्या जागी येणाऱ्याला तेच जमायला हवं होतं.

आता ते जमतं कुठे? बोटांत थोडं. भोक हळूहळू उघडत नेलं की सूर सरकतो. पण खरी गंमत तोंडात, म्हणजे माउथपीसमध्ये.

माउथपीसच्या सपाट बाजूला बोरूच्या जातीची, पातळ तासलेली रीड बांधलेली असते. टोकाकडे माउथपीस किंचित बाक घेऊन रीडपासून दूर जातो आणि तिथे एक बारीक फट राहते. फुंकर मारली की रीड ती फट मिटत-उघडत राहते. हाच तो आवाज. फट अरुंद आणि बाक आखूड असेल तर सूर नेमका, आज्ञाधारक. फट रुंद, बाक लांब आणि रीड मऊ असेल तर फुंकर जास्त लागते, सूर डळमळतो, पण जबडा जरा सैल सोडला की खाली घसरतोही. आतलं छत रीडच्या जवळ असेल तर आवाज तेज, पोकळी मोठी असेल तर घुमारदार. आणि हे सगळं किती मापात? व्हॅन्डोरेनचे दोन प्रसिद्ध माउथपीस घ्या, 5आरव्ही आणि बी45. एकाची फट 1.065 मिलिमीटर, दुसऱ्याची 1.195. फरक एका पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी, पण वाजवणाऱ्याला दोन वेगळी वाद्यं हातात आल्यासारखी वाटतात.

आमच्या पावण्याच्या एमआयडीसीतल्या फिटर मंडळींना हे सांगावं लागत नाही. शतांश मिलिमीटरवर त्यांचा संसार चालतो. काकांचा जुना माउथपीस मी तिथल्याच एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेला होता. काका गेले, क्लॅरिनेट त्याआधीच विकलं होतं, राहिला तो हा एबोनाइटचा तुकडा. उजेडाने हिरवट-तपकिरी झालेला, वरच्या दातांच्या दोन खाचा पडलेला. काका बँडात नाट्यगीतं वाजवायचे. सपाट बाजूवर काच ठेवून टोकाशी फिलर गेजची पाती सरकवली. 1.35 मिलिमीटर! कारखान्यातून असा आलेला नव्हता. टोकाजवळ पॉलिश पेपरच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. काकांनी तो स्वतः घासून उघडला होता.

हे सगळं निघालं भाच्यामुळे. तो परीक्षांसाठी क्लॅरिनेट शिकतो. त्याच्या मास्तरांनी हा माउथपीस बघून "बिघडलेला आहे, टाकून दे" असं सांगितलं. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. मोझार्टचा कॉन्चेर्टो यावर वाजवायचा म्हणजे शिक्षा. पण मास्टर इब्राहिम यांच्या सिनेमाच्या चालींच्या जुन्या तबकड्या ऐका. शब्द नसतानाही शब्द ऐकू येतात. तिकडे 1924 साली गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या सुरुवातीला क्लॅरिनेटने एक लांबलचक घसरगुंडी घेतली, तिचं कौतुक अजून संपलेलं नाही. आमचे बँडवाले वरातीत प्रत्येक ओळीला घेतात, भर उन्हात, तेही चालता चालता.

आणखी एक. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं, की अशा घसरगुंडीत वाजवणारा जीभ आणि घसा हलवून तोंडातल्या पोकळीचा नाद जुळवत असतो. म्हणजे माउथपीसच्या पलीकडे आणखी एक पोकळी, आणि ती विकत मिळत नाही. काकांचा घसलेला तुकडा हातात आहे, पण त्यामागे ते जीभ कुठे ठेवायचे हे कुणी विचारलंच नाही. आता बँडांच्या जागी डीजे आलेत, विचारायचं तरी कुणाला?

भाच्याकडे सध्या दोन्ही माउथपीस आहेत. परीक्षेला नवा. जुन्यावर रीड मऊ, दोन नंबरची लावायची आणि दात त्याच खाचांत ठेवायचे, एवढं त्याला सांगून ठेवलंय.