कोबी, कुकर आणि फुंकणी

कुकरांत एका शिटीवर केलेल्या कोबीच्या भाजीलाहि इतिहास आहे असें आम्हीं म्हटलें, तर पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी यांनाच इतिहास म्हणावयाची संवय आपणांस इतकी जडली आहे, कीं रोज दोन वेळां पेटणाऱ्या चुलीकडे पाहावयास आपणांस फुरसत होत नाहीं. तथापि एखाद्या गांवाचें जिणें खरोखर कसें पालटलें हें पाहावयाचें असेल, तर त्या गांवच्या वेशीपेक्षां तेथील स्वयंपाकघर अधिक बोलकें असतें, असें आमचें मत आहे.

जालन्याहून अंबडवरून येणारी सडक धुळें-सोलापूर महामार्गास जेथें मिळते, तेथें वडीगोद्री हें गांव आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. गोदावरीच्या उत्तरेकडील या काळ्या जमिनीचें मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. आणि तिच्या जोडीला वांगें, मेथी, अंबाडी, करडईचीं कोवळीं पानें व हरभऱ्याचा पाला. या पंक्तींत कोबी हा पाहुणा होय. त्याचें नांवच तें सांगतें. पोर्तुगीज भाषेंतील ‘कोव्ह’ या शब्दापासून आपला ‘कोबी’ झाला. युरोपच्या समुद्रकांठीं उगवणाऱ्या एका रानटी पाल्यापासून माणसानें पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हा गड्डा घडविला. फुलकोबी आणि नवलकोल हीं त्याचींच भावंडें. जुन्या युरोपीय जातींच्या कोबीस कित्येक आठवडे चांगली थंडी लागल्याखेरीज फुलोरा येत नाहीं. म्हणून त्याचें बीं कुलूसारख्या डोंगराळ प्रदेशांत धरावें लागतें. १९६४ त बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास ‘महिको’ कंपनी काढली, आणि पुढें बियाण्यांचा गांव म्हणून जालन्याचें नांव देशभर झालें. त्या जालन्याच्या शिवारांतहि या पाहुण्यानें आपली ही माहेरची ओढ सोडली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आतां भांड्याची हकीकत. १६७९ त डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडन येथें घट्ट झांकणाचें एक जाड भांडें लोकांपुढें मांडलें. वाफ कोंडली म्हणजे भांड्यांतील दाब वाढतो, आणि दाबाबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदुहि चढतो. उघड्या पातेल्यांत १०० अंशांपुढें न जाणारें पाणी अशा भांड्यांत सुमारें १२० अंशांपर्यंत तापूं शकतें. भांडें फुटूं नये म्हणून पापिननें वजनाची झडप बसविली. आजची शिटी ही तिचीच वंशज. एप्रिल १६८२ मध्यें रॉयल सोसायटीच्या सभासदांनीं या भांड्यांत शिजलेलें जेवण घेतलें. जॉन एव्हलिन हा रोजनिशीकार त्या पंक्तीस होता. कठिण हाडें पनिरासारखीं मऊ झालीं याचें नवल त्यानें लिहून ठेवलें, आणि या सर्वांस आठ औंसांहूनहि कमी कोळसा लागला हेंहि नमूद केलें. आम्हांस या नोंदींत हाडांपेक्षां कोळशाचा उल्लेख अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या देशांत १९१० च्या सुमारास कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं ‘इकमिक कुकर’ काढला. एकावर एक डबे रचून खालच्या निखाऱ्यांवर भात, डाळ व भाजी वाफेनें शिजविण्याची ती युक्ति होती. दाब मात्र तींत नव्हता. दाबाचा कुकर येथें घडूं लागला तो स्वातंत्र्यानंतर. १९५९ त हॉकिन्स कुकर करणारी कंपनी मुंबईंत स्थापन झाली. पुढें हें भांडें शहरांतून तालुक्याच्या बाजारांत आणि तेथून खेड्यापाड्यांच्या फळीवर जाऊन बसलें.

मराठवाड्यांतील चुलीचें जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या. तें गोळा करणें, डोक्यावरून आणणें, पावसाळ्यापूर्वीं रचून झांकणें आणि ओलें निघालें तर फुंकून फुंकून डोळे लाल करून घेणें, हें सर्व स्त्रियांच्या वांट्याचें काम. १ मे २०१६ रोजीं केंद्र सरकारनें उज्ज्वला योजना सुरू केली व गरिबांच्या घरीं गॅसची शेगडी येऊं लागली. तरी सिलिंडर पुरवून वापरावा लागतो, आणि तेथें कुकर हाच मोठा सोबती ठरतो.

‘कुकरानें भाजीची चव घालविली’ अशी तक्रार आपण वारंवार ऐकतों. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. डाळीस कुकर हवा. कोबीस तो लागतच नाहीं. बारीक चिरलेला कोबी कढईंत थोड्याच वेळांत शिजतो, आणि कुकरांत अधिक वेळ कोंडला तर त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांचा उग्र दर्प सुटून भाजीचा लगदा होतो. परंतु हा दोष भांड्याचा नसून बेताचा आहे. मोहरी, जिरें, हिंग व हळद यांची फोडणी, भिजविलेली मूठभर हरभऱ्याची डाळ, चवीपुरतें मीठ आणि पळीभर पाणी, एवढ्यावर कोबी भागतो. कारण त्याच्या अंगीं पाणीच फार. एक शिटी होतांच भांडें उतरवून जपून वाफ सोडली, तर डाळ अख्खी राहते आणि कोबी दांताखालीं किंचित् कुरकुरतो.

मग कढई असतां कोबी कुकरांत कां जातो? कढईपाशीं उभें राहावें लागतें, आणि कुकर हांक मारतो, हेंच त्याचें उत्तर. जिला भाकऱ्या थापून, पोरांचे डबे भरून उन्हापूर्वीं कापूस वेंचावयास जावयाचें आहे, तिला त्या हांकेची किंमत कळते. चवीची तक्रार बहुतकरून पाटावर बसलेल्याची असते. जिच्या हातीं फुंकणी होती तिनें ती केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

तरीहि एक प्रश्न उरतोच. कुकरानें वांचविलेली अर्धी घटका गेली कोठें? ती बहुधा गोठ्याकडे, धुण्याकडे किंवा रोजंदारीच्या वाटेकडेच वळली, विसाव्याकडे क्वचितच. पापिननें वाफ कोंडून जळण वांचविलें, कारखान्यांनीं भांडें स्वस्त केलें, सरकारनें शेगडी दिली. या तिन्ही गोष्टी इतिहासांत नोंदल्या गेल्या आहेत. वांचलेला वेळ जिचा तिला देण्याचें काम मात्र कोणत्याहि यंत्राचें नव्हे; तें घरांतल्या माणसांचें आहे, आणि तें झाल्याखेरीज या भाजीचा इतिहास पुरा झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं.