वाटर्लूच्या प्रतिकृतींतील शिशाचे शिपाई

(१) एखादी बखर हातीं आली म्हणजे ती कोणीं लिहिली, केव्हां लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली व कोणत्या आधारें लिहिली, हे चार प्रश्न आपण प्रथम विचारतों. हेच प्रश्न रंगविलेल्या शिशाच्या शिपायांसही विचारतां येतात, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे. लंडन येथील नॅशनल आर्मी म्यूझियम या संग्रहालयांत विल्यम सायबोर्न यानें केलेली वाटर्लूच्या रणभूमीची मोठी प्रतिकृति आहे. तिचा येथें विचार करूं. ता. १८ जून १८१५ रोजीं वाटर्लू येथें नेपोलियनशीं लढणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांत मराठी फौजांशीं लढलेला आर्थर वेल्स्ली तो हाच.

(२) सायबोर्न स्वतः वाटर्लूच्या लढाईंत हजर नव्हता. भूमापन व नकाशे काढणें या विद्येंत मात्र तो निष्णात होता व त्या विषयावर त्यानें ग्रंथही लिहिले होते. इ. स. १८३० त सरसेनापति लॉर्ड हिल यांच्या आज्ञेवरून त्यानें हें काम अंगावर घेतलें. रणभूमीच्या मध्यावरील ला ए सँत या शेतवाडींत सुमारें आठ महिने राहून त्यानें तेथील चढउतार, वाटा, कुंपणें व घरें मोजून काढलीं. इ. स. १८३३ त सरकारनें पुढील खर्चास नकार दिला. तेव्हां पदरच्या पैशानें व वर्गणीनें त्यानें काम पुरें केलें, आणि ऑक्टोबर १८३८ मध्यें लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्यें प्रतिकृति लोकांपुढें मांडली.

(३) प्रतिकृतीचें प्रमाण मैलास ९ फूट, म्हणजे मूळ भूमि सुमारें ५८७ पट लहान केली आहे. या हिशेबानें साडेपांच फूट उंचीचा माणूस ३ मिलिमीटरही भरावयाचा नाहीं. प्रत्यक्षांत हे शिपाई सुमारें १० मिलिमीटर उंच आहेत, म्हणजे जमिनीच्या मानानें साडेतीन पट मोठे. दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करितात त्यावरील मावळा बुरुजाहून उंच असतो व त्यांत कोणास वावगें वाटत नाहीं. तसाच हा प्रकार समजावा. शिपायांची एकंदर संख्या ७० हजारांहून अधिक असून प्रत्येकानें दोन माणसें दाखवावयाचीं अशी योजना आहे. उंची वाढविल्यामुळें जागेसाठीं संख्या घटविणें भाग पडलें असावें, असा आमचा तर्क आहे.

एवढ्याशा पुतळ्याचा चेहरा ओळखूं येणें शक्य नाहीं; त्याची जात रंगावरूनच ओळखावयाची. इंग्रज पायदळ तांबडें, ९५ वी रायफल पलटण हिरवी, ब्रुन्सविकचे लोक काळे, हें सहज कळतें. परंतु फ्रेंच निळे व प्रशियनही निळेच. रंगाऱ्याची ही अडचण खुद्द रणांगणांतही पडली होती. वेलिंग्टनच्या डाव्या बाजूस असलेल्या नासाऊच्या पलटणींचा पोशाख फ्रेंच धर्तीचा असल्यामुळें मदतीस आलेल्या प्रशियनांनीं त्यांजवरच गोळीबार केला.

(४) सायबोर्ननें लढाईची जी घटका निवडली ती सायंकाळीं ७ च्या सुमाराची, नेपोलियनची खाशी गार्ड पायदळ फौज अखेरचा हल्ला करीत असतांची. त्या वेळीं प्रत्येक पलटण कोठें व कोणत्या रचनेंत होती, समोर शत्रूचे कोण लोक होते, शेतांत पिकें काय होतीं, असे प्रश्न त्यानें इ. स. १८३४ पासून हयात अधिकाऱ्यांस पत्रें पाठवून विचारले व सोबत नकाशा देऊन त्यावर जागा दाखविण्याची विनंति केली. सुमारें ७०० पत्रें जमलीं. लढाईस तोंवर एकोणीस वर्षें लोटलीं होतीं. स्मृति पुसट झाल्या होत्या व उत्तरें परस्परविरुद्धही येत. लेखकास अशा स्थळीं "कित्येक असें म्हणतात" असें लिहून सुटतां येतें; प्रतिकृति करणारास ती सोय नाहीं. शिपाई ओढ्याच्या अलीकडे तरी ठेवावा लागतो किंवा पलीकडे तरी. म्हणून रंगविलेला प्रत्येक शिपाई हें एक निश्चित विधान आहे.

(५) वाद पडला तो प्रशियनांच्या जागेविषयीं. सायंकाळीं ७ च्या सुमारास ब्ल्यूखरचे लोक फ्रेंचांच्या उजव्या बगलेस प्लान्सन्वा गांवीं झुंजत होते. सायबोर्ननें प्रशियन सेनाधिकाऱ्यांकडूनही माहिती मागवून त्यांस त्याप्रमाणें मांडलें. यावर वेलिंग्टनच्या पक्षानें हरकत घेतली. एवढे प्रशियन इतके पुढें पाहून जयाचें श्रेय त्यांसच आहे असा प्रेक्षकांचा ग्रह होईल, हा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. सायबोर्ननें अखेर बरेच प्रशियन शिपाई उचलून काढले. तो दडपणास वश झाला, कीं नव्या पुराव्यानें त्याचें मत पालटलें, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. तथापि खुद्द वेलिंग्टननें ता. १९ जून १८१५ च्या आपल्या खलित्यांत, म्हणजे लढाईच्या दुसऱ्याच दिवशीं, प्रशियनांच्या वेळेवर आलेल्या साहाय्यास जयाचें श्रेय मोकळ्या मनानें दिलें आहे. समकालीन कागद एक सांगतो व वीस वर्षांनंतरचा आग्रह दुसरें सांगतो, तेथें आमचा कल कागदाकडे आहे.

(६) सायबोर्ननें पुढें अधिक मोठ्या प्रमाणावर दुसरी प्रतिकृति केली. ती लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयांत आहे. तींत दुपारचा, अक्सब्रिजच्या भारी घोडदळाच्या हल्ल्याचा प्रसंग आहे. दोहोंची तुलना करितां दुसरींतील शिपाई कारागिरीनें सरस ठरतात. पण त्या वेळीं प्रशियन तेथें पोंचलेच नव्हते, त्यामुळें वादाचें मूळच तींत येत नाहीं. प्रेक्षकास दुसरी अधिक आवडेल. संशोधकास पहिलीच अधिक मोलाची वाटेल.

(७) हस्तलिखितांत खोडलेली ओळ दिसते. प्रतिकृतींतून काढलेला शिपाई मागें खूण ठेवीत नाहीं. तो तेथें होता हें आज कळतें तें सायबोर्नच्या पत्रव्यवहारामुळें. सायबोर्न इ. स. १८४९ त वारला. त्याच्या मुलानें पत्रांपैकीं निवडक इ. स. १८९१ त छापिलीं, व मूळ पत्रांचे सहा खण्ड ब्रिटिश लायब्ररींत सुरक्षित आहेत. आपल्याकडील संग्राहकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, सिद्ध झालेली सुबक वस्तु जपावीच. पण तिच्यासाठीं झालेले कच्चे मसुदे, नकाशे व नापसंत ठरलेलीं पत्रें रद्दींत टाकूं नयेत. काढलेल्या शिपायाचा शोध त्यांतच लागावयाचा आहे.