नादसंस्करण, विद्युत् तंतुवाद्यांचे
नादसंस्करण, विद्युत् तंतुवाद्यांचे : तारेच्या कंपनापासून मिळणारा विद्युत् संकेत ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यातील निरनिराळ्या कंप्रतांचे प्रमाण कमीजास्त करून वाद्याच्या नादाला इष्ट गुण प्राप्त करून देण्याची क्रिया. या कामी मुख्यतः दोन उपकरणे वापरतात : क्षीण संकेताला पुढील मंडलास योग्य असे बळ देणारा पूर्वविवर्धक आणि कंप्रतांचे निवडक पट्टे उंचावणारा वा दाबणारा समकारी. ही दोन्ही उपकरणे वादकाच्या पायाशी ठेवलेल्या लहान धातूच्या पेटीत एकत्र वा स्वतंत्रपणे बसविलेली असतात. तिला पेडल म्हणतात. विद्युत् गिटारसाठी विकसित झालेले हे तंत्र महाराष्ट्रात चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत प्रथम रुजले. पुढे मिरवणुकीतील विद्युत् बँजोच्या साथीला ते लहान गावांपर्यंत पोहोचले.

पारंपरिक पद्धती : विजेचा उपयोग होण्यापूर्वीही नादावर संस्कार करण्याची कला वादकांना व कारागिरांना अवगत होती. मराठवाड्यात वादनापूर्वी हलगी जाळावर शेकून तिचे कातडे ताठ करतात. त्यामुळे तिचा नाद चढा व खणखणीत होतो. वारकरी भजनातील पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणीक थापतात. कणकेचे वजन वाढविले की कातड्याची कंप्रता उतरते व नाद खोल होतो. ती खरवडून काढली की तो पुन्हा चढतो. तंतुवाद्यांत हेच कार्य घोडीचा पृष्ठभाग करतो. तंबोरा व सतार यांच्या रुंद घोडीला कानशीने अतिशय अल्प बाक दिलेला असतो. कंप पावणारी तार या बाकाला घासून स्पर्श करते आणि त्यामुळे उच्च उपस्वर दीर्घकाळ टिकतात. या गुणास जवारी म्हणतात. तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून ती सूक्ष्मपणे जुळवता येते.

जवारी काढण्याच्या कामासाठी मिरज (जि. सांगली) हे गाव एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. शिकलगारीचा मूळ व्यवसाय असलेल्या घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून तेथील वाद्यनिर्मितीची परंपरा मानली जाते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. या नादामागील भौतिकीकडे चंद्रशेखर व्यंकट रामन (१८८८–१९७०) यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद असतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा यंग व हेल्महोल्ट्स यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांत मात्र असे उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात, हे रामन यांनी दाखविले व त्याचे कारण घोडीच्या विशिष्ट रचनेत असल्याचे प्रतिपादिले. तारेच्या नादातील घटक बाहेरून बदलता येतात, या जाणिवेचा विद्युत् नादसंस्करण हा पुढचा टप्पा होय.

विद्युत् वाद्यांचा उदय : १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यवृंदांत गिटारचा आवाज पितळी वाद्यांपुढे पुरा पडेनासा झाला. १९३१ मध्ये जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी चुंबकीय पिकअप बसविलेली हवाईयन गिटार तयार केली. तिचे एकस्व १९३७ मध्ये मंजूर झाले. चुंबकीय पिकअपमध्ये स्थिर चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो व वेटोळ्यात तिच्याच कंप्रतेचा क्षीण विद्युत् दाब प्रवर्तित होतो. आसपासच्या वीजवाहक तारांमुळे या वेटोळ्यात गुणगुण शिरते. ती टाळण्यासाठी परस्परविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी वापरण्याची युक्ती सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास गिब्सन कंपनीत योजली. लाकडी पोकळ गिटारसाठी दाबविद्युत् पिकअप वापरतात. ज्या दाबविद्युत् परिणामावर तो आधारलेला आहे, त्याचा शोध प्येअर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला होता.

पूर्वविवर्धक : पिकअपचा संकेत क्षीण असतोच, शिवाय त्याचा संरोध उच्च असतो. असा संकेत लांब जोडतारेतून नेल्यास तारेच्या धारितेमुळे त्यातील उच्च कंप्रता गळतात व नाद मंद, गुदमरल्यासारखा वाटतो. पूर्वविवर्धकाच्या निविष्ट बाजूचा संरोध सुमारे १० लक्ष ओहम असतो. दाबविद्युत् पिकअपसाठी तो याहूनही अधिक ठेवतात. परिणामी पिकअपवर भार पडत नाही. निर्गत बाजूचा संरोध अल्प असल्याने पुढील जोडतार लांब असली तरी हानी होत नाही. पूर्वविवर्धकाची तीव्रता मर्यादेपलीकडे वाढविल्यास तरंगाचे माथे कापले जातात आणि मूळ नादात नसलेले नवे उपस्वर निर्माण होतात. प्रारंभी दोष मानली गेलेली ही विकृती पुढे विद्युत् गिटारची ओळख ठरली. १९६२ मध्ये ट्रँझिस्टरवर चालणारी, हेतुतः अशी विकृती घडविणारी पेडल बाजारात आली.

समकारी : समकारीचा जन्म संगीतात नव्हे, तर दूरध्वनीत झाला. लांब तारमार्गात उच्च कंप्रतांची हानी नीच कंप्रतांपेक्षा अधिक होते. ती भरून काढून सर्व कंप्रता सारख्या पातळीवर आणणाऱ्या मंडलाला समकारी हे नाव पडले. १९३० नंतर बोलपटांच्या ध्वनिमुद्रणात त्याचा उपयोग होऊ लागला. ब्रिटिश अभियंते पीटर बॅक्संडॉल (१९२१–९५) यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेले मंद्र व तार भागांच्या स्वतंत्र नियंत्रणाचे मंडल जगभर स्वीकारले गेले. घरोघरच्या रेडिओवरील व विवर्धकावरील ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ ही बटणे बहुधा याच मंडलाची वा त्याच्या रूपांतरांची असतात. पट्ट्याची मध्यकंप्रता, रुंदी व उंची ही तिन्ही स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या समकारीचे वर्णन जॉर्ज मॅसनबर्ग यांनी १९७२ मध्ये केले. गिटारवादकांसाठीच्या पेडलमध्ये सरकपट्ट्यांचा समकारी अधिक रूढ आहे. बॉस या जपानी कंपनीच्या १९८१ मधील पेडलमध्ये १०० हर्ट्झपासून ६,४०० हर्ट्झपर्यंत प्रत्येकी दुप्पट अंतरावर सात पट्टे असून प्रत्येक पट्टा १५ डेसिबेलपर्यंत उंचावता वा दाबता येतो.

गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची कंप्रता सुमारे ८२ हर्ट्झ व सर्वांत बारीक तारेची सुमारे ३३० हर्ट्झ असते. तथापि नादाची स्पष्टता व धार १,००० ते ५,००० हर्ट्झ या उपस्वरांच्या भागात असते. १०० हर्ट्झच्या आसपास लाकडी गिटारच्या पोकळीतील हवा अनुस्पंदित होते. ध्वनिक्षेपकाजवळ वाजविताना हाच पट्टा घुमतो व शेवटी शिट्टीसारखा वा घोंघावणारा प्रत्याघात सुरू होतो. तो पट्टा थोडा दाबल्याने हा दोष दूर होतो. उपकरणांचा क्रमही महत्त्वाचा असतो. समकारी विकृतीच्या आधी जोडल्यास कोणत्या कंप्रता विकृत व्हाव्यात हे त्याने ठरते. नंतर जोडल्यास विकृतीतून उत्पन्न झालेल्या नादाला तो आकार देतो. एखादा पट्टा १५ डेसिबेलने उंचावण्यास त्या पट्ट्यापुरती सुमारे ३२ पट शक्ती लागते. यास्तव नको असलेला पट्टा दाबावा, हवा असलेला उंचावू नये, असा संकेत जाणकार वादक पाळतात.

महाराष्ट्रातील प्रसार : मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ली (१९२७–२००८) यांनी विद्युत् गिटारला एकलवाद्याचे स्थान मिळवून दिले. चित्रपटगीतांच्या चाली वाजवून काढलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय होत्या. राहुल देव बर्मन (१९३९–९४) यांच्या वाद्यवृंदात गिटारच्या संस्कारित नादाचा उपयोग विशेष झाला. हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतातील गिटार भूपिंदर सिंग (१९४०–२०२२) यांनी वाजविली होती. मुंबईच्या वाद्यवृंदांतील अनेक वादक गोव्याचे होते. पाश्चात्त्य स्वरलेखन व वाद्यवादन यांचे चर्चमधील शिक्षण त्यांच्या उपयोगी पडले.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र हे तंत्र गिटारपेक्षा बँजोच्या द्वारे पोहोचले. येथे बँजो म्हणून ओळखले जाणारे वाद्य अमेरिकेतील त्या नावाच्या वाद्याहून सर्वस्वी भिन्न आहे. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले तैशोगोतो हे वाद्य तयार केले. तेच भारतात बुलबुलतरंग या नावाने रूढ झाले. कळ दाबली की तारेची लांबी आखूड होते व दुसऱ्या हातातील नखीने तार छेडतात. तारा पोलादी असल्याने त्यांच्याखाली चुंबकीय पिकअप बसविणे सोपे ठरले. निर्वात नलिकांच्या विवर्धकाला उच्च विद्युत् दाब व नलिका तापविण्यासाठी बरीच शक्ती लागत असे. ट्रँझिस्टरमुळे विवर्धक बॅटरीवर चालू लागला आणि चालत्या गाड्यावरील वाद्यवृंद शक्य झाला. दिल्लीच्या अहुजा (स्थापना १९४०) या भारतीय कंपनीचे विवर्धक व कर्णे देशभर परिचित झाले. मुंबईतील बँजो पथकांच्या जीवनावर रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला बँजो हा हिंदी चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला.

मराठवाड्यातील स्थिती : लातूर–नांदेड रस्त्यावरील चाकूर, अहमदपूर व लोहा यांसारख्या तालुक्यांच्या गावी लग्नाची वरात व गणेशोत्सवाची मिरवणूक यांत बँजो पथकाला मान असे. बँजो, कळफलकाचे इलेक्ट्रॉनीय वाद्य, ढोलकी, ताशा व हलगी असा त्याचा सामान्य साज असतो. अशा पथकातील वादकाला नादसंस्करणाचे नियम पुस्तकातून मिळत नाहीत. ते उपकरणांच्या मर्यादांतून त्याच्या ध्यानी येतात. कर्ण्यातून सुमारे ३०० हर्ट्झच्या खालील नाद फारसा बाहेर पडत नाही. त्यामुळे मंद्र भाग वाढविल्यास विवर्धकाची शक्ती वाया जाते व आवाज फाटतो. म्हणून कर्ण्यावर वाजविताना ‘बेस’ उतरवितात. याउलट तार भाग फार चढविला की बँजोचा नाद पत्र्यासारखा कर्कश होतो. या दोहोंतील नेमकी जागा प्रत्येक गल्लीत, भिंतींच्या अंतराप्रमाणे व गर्दीप्रमाणे बदलते. हलगी किती शेकावी आणि पखवाजाला कणीक किती लावावी, हे ज्या कानाने ठरते, तोच कान येथेही लागतो.

मोठ्या पेट्यांचे ध्वनिक्षेपक व आधी मुद्रित केलेले संगीत, म्हणजे लोकभाषेतील ‘डीजे’, आल्यानंतर ही स्थिती पालटली. मंद्र कंप्रतांचा प्रचंड दाब निर्माण करणे हाच समकारीचा मुख्य उपयोग झाला व नादगुणाऐवजी तीव्रतेची चढाओढ सुरू झाली. मुद्रित संगीताला वादक लागत नसल्याने बँजो, ढोलकी व हलगी वाजविणाऱ्यांच्या उपजीविकेवर तिचा आघात झाला. आरोग्याच्या दृष्टीनेही ती घातक आहे. ८५ डेसिबेल तीव्रतेच्या ध्वनीत ८ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये, तसेच तीव्रता दर ३ डेसिबेलने वाढताच हा काळ निम्मा करावा, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने १०० डेसिबेलसाठी सुरक्षित मर्यादा केवळ १५ मिनिटांची ठरते. केंद्र शासनाच्या ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

सद्यःस्थिती : विवर्धक, समकारी व विकृतिकारक या सर्वांचे कार्य आता अंकीय संस्कारकाद्वारे एकाच पेडलमध्ये होऊ शकते. जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकांचे नादही गणिताने पुन्हा निर्माण करता येतात. उपकरणे स्वस्त व आटोपशीर झाल्याने लहान गावातील होतकरू वादकालाही ती मिळू लागली आहेत. तथापि सरकपट्टी कोठे थांबवावी हे उपकरण सांगत नाही. मिरजेचा कारागीर जवारी काढताना कानशीचा एक हात फिरवितो, तार छेडतो, ऐकतो व मगच दुसरा हात फिरवितो. घासलेले हाड पुन्हा भरून येत नसल्याने त्याला प्रत्येक वेळी आधी ऐकावेच लागते. समकारीची पट्टी मात्र कितीही वेळा मागेपुढे नेता येते, आणि म्हणूनच न ऐकता ती सरकविण्याचा मोहही होतो. नादसंस्करणाची साधने बदलली, तरी त्याचा आधार श्रवण हाच राहिला आहे, आणि वाजविणारा व ऐकणारा या दोघांचेही श्रवण शाबूत राहणे हीच या कलेच्या टिकण्याची पहिली अट होय.