मुक्कामाची जमीन

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकात विणेकरी, चोपदार अन् अन्नदाते यांच्याविषयी बाकीची मंडळी लिहितीलच. आम्ही जमिनीविषयी लिहितो. दिंडी चालते रस्त्यावर, पण राहते जमिनीवर. तळ टाकायला, चुली मांडायला, बैल सोडायला अन् रात्री कीर्तनाला बसायला गावाबाहेर दोन-चार एकर मोकळी जागा लागते. वऱ्हाडात गावोगावी अशी जागा होती. ती राहिली कशी अन् आता आटत का चालली, हे वारकऱ्याला ठाऊक असावं.

पुष्कळांना वाटते गायरान हे देवानं सोडलेलं रान. तसं नाही. ते कागदावर आधी ठरलं, मग जमिनीवर. फौजेच्या खर्चापोटी निजामानं १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढं १८६१ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं मोजणी सुरू झाली. वावराला नंबर मिळाला, नंबरावर आकार बसला, तोही तीस वर्षांसाठी. नागपूरकडं मालगुजार मधे होता, आपल्याकडं शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. त्यामुळं जे रान कोणाच्या खात्यात नाही ते सरकारचं, हेही तेव्हाच पक्कं झालं.

त्याच सालात तिकडं अमेरिकेत यादवी पेटली. विलायतेच्या गिरण्यांचा कापूस तुटला अन् त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. १८६७ पर्यंत अकोला, बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावचा कापूस बाजार भरभराटीला होता. कापसाला भाव आला तसं गवताचं रान मोडून पऱ्हाटी पेरली गेली. कोणी कोणाला जबरदस्ती केली नाही, पण गाडी, बाजार अन् आकारणी जिकडं वळली तिकडं नांगरही वळला. लोक म्हणतात वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड. आम्ही म्हणतो, त्या कुऱ्हाडीनं ढोरांचं गवत पहिल्यांदा तोडलं.

मग सरकारलाच चिंता पडली. जंगलाच्या वर्गवाऱ्या झाल्या : ए म्हणजे इमारती लाकडाचं रान, बी म्हणजे गवताचे रमने, सी म्हणजे चराई. ई-क्लास हे नावही सरकारी वर्गवारीतूनच आलं. आज आपल्या गावात शाळा न शिकलेली म्हातारी बाईसुद्धा म्हणते, ‘ढोरं ई-क्लासात गेली.’ आमचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हा इंग्रजी शब्द आम्हाला शाळेच्या आधी येत होता.

आपली दिंडी निघाली तेव्हा तळ पडायचा तो याच जमिनीवर. कोणाच्या पेरलेल्या वावरात पाय पडायचा नाही, कोणाचं मिंधं व्हायचं नाही. गाडगेबाबा आपल्याच मुलखाचे. गरिबाला निवारा नाही हे ओळखून त्यांनी पंढरपूरला धर्मशाळा उभ्या केल्या. वाटेवरच्या खेड्यांत मात्र ई-क्लास हीच आपली धर्मशाळा होती.

स्वराज्य आलं. विदर्भ आधी मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात अन् १९६० ला महाराष्ट्रात आला. मोकळ्या जमिनीवर मागणी वाढतच गेली. भूमिहीनांनी ती कसायला घेतली, अन् १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं सरकारनं १९९१ च्या निर्णयानं नियमित करायचं ठरवलं. त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. ज्याच्या नावावर वीतभर माती नव्हती त्याच्या घरात त्यामुळं ज्वारी आली. पण पुढं ज्याच्याकडं वीस एकर आहे त्यानंही धुरा सरकवत नेला, ते काय गरिबीनं? मग शाळा, टाकी, घरकुलं, गोदाम, सगळ्याला जागा एकच. दोन-तीन वर्षांमागं एका गावी तळाच्या जागी तारेचं कुंपण दिसलं. आपली माणसं भर पावसात देवळाच्या ओट्यावर अन् शाळेच्या व्हरांड्यात दाटीवाटीनं निजली.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं पंजाबच्या एका खटल्यात गावची सामाईक जमीन मोकळी करा म्हणून सांगितलं. त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या सरकारनंही तसा निर्णय काढला. पुढं कायद्यात २२-अ कलम आलं. दुसरी सरकारी जमीन नसेल तरच अन् सार्वजनिक कामासाठीच गायरान वळवता येतं. आता सौर कृषी वाहिनी योजना आली आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं सौर प्रकल्पाला अन् ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल ५ लाख. दिवसा वीज मिळावी ही आमचीही मागणी आहे. रात्री ओलीत करताना साप-विंचवाशी गाठ पडते ते शेतकऱ्यालाच ठाऊक. पण पाट्या कोणत्या गटात बसवायच्या हे गावानं बसून सांगितलं पाहिजे.

रस्त्याचंही तसंच. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटर पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत झाला, जागतिक विक्रम म्हणून गाजला. समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर, नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून गेला. ७०१ किलोमीटरचा, पण पायी माणसाला त्यावर मनाई. एवढ्या जमिनीच्या रस्त्यावर वीणा घेऊन उतरता येत नाही, खालच्या बोगद्यातूनच जावं लागते.

आता कामाची गोष्ट. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचं २२ वं कलम एखाद्या जाणत्याकडून वाचून घ्या. गुरचरण, स्मशान, खळं, बाजार यांच्यासोबत तळ टाकायची जागाही कलेक्टरला राखून ठेवता येते, असं त्यात लिहिलं आहे. फौजेच्या नाही, तर आपल्याच गावच्या नावानं. विदर्भातल्या गावांसाठी निस्तारपत्रकही आहे. मोकळ्या जमिनीचा वापर कसा करायचा ते त्यात लिहितात, अन् ते गावकऱ्यांना विचारूनच पक्कं करायचं असते. शंभर वर्षं जिथं तळ पडला तिथं नुसती वहिवाट सांगून भागत नाही. पटवाऱ्याच्या दप्तरात ओळ पाहिजे.

म्हणून मंडळाला विनंती. औंदाच्या वारीत प्रत्येक मुक्कामी सरपंच अन् तलाठी यांना भेटून तळाच्या जागेचा गट नंबर, क्षेत्र अन् ती कोणत्या कामासाठी राखली आहे हे दिंडीच्या वहीत उतरवून घ्यावं. जिथं काहीच नोंद नाही तिथं ग्रामसभेत ठराव मांडायला आम्ही येतो. तारीख तेवढी आधी कळवा, पेरणी सांभाळून यावं लागते.