कोद्रव : नाव आणि वाण

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. परंतु या अरण्यभागातील धान्यनामांचा इतिहास त्या सीमेहून फार जुना आहे. ‘कोदो’ हे रूप संस्कृत ‘कोद्रव’, प्राकृत ‘कोद्दव’ या मार्गाने आलेले होय. कोकणात त्याच धान्यास ‘हरीक’ म्हणतात. कौटिल्याने कोद्रव ‘पूर्ववाप’, म्हणजे आधी पेरावयाच्या पिकांत सांगितला. सुश्रुताने ‘कोरदूषक’ या नावाने त्याची गणना कुधान्यवर्गात केली. डोंगरवस्त्यांच्या या अन्नास लागलेले ते उपपद पुढील उपेक्षेचेही एक कारण असावे.

द वेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली कणसाच्या ठेवणीवरून कोद्रवाचे तीन वर्ग मानले. १९९६ मध्ये म्रिबू व हिलू यांनी डीएनए-चिन्हकांचा अवलंब केला. २०१९ साली १९० नमुन्यांपासून आरंभ झालेल्या अभ्यासात, चाळणीनंतर उरलेल्या नमुन्यांवरून व ३४६१ चिन्हकांवरून सात उपसमूह आढळले. तीन आणि सात यांत विरोध मानण्याचे कारण नाही. एक मोजणी रूपाची आहे, दुसरी वंशाची. कोद्रवाचे फूल बहुधा न उघडताच स्वपरागित होते. त्यामुळे एका घरचे बियाणे पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच वळणाने चालते, आणि त्या घराने दिलेले नावही त्याच्यासोबत चालू शकते.

तथापि प्रत्येक नाव वंशवाचक नसते. जैन ग्रंथांतील ‘मदनकोद्रव’, म्हणजे गुंगी आणणारा कोद्रव, हा निराळा वाण समजणे चुकीचे ठरेल. १९८५ साली राव व हुसेन यांनी ही विषबाधा बुरशीजन्य सायक्लोपियाझोनिक आम्लाशी जोडली. बांधवगडच्या परिसरात २०२४ साली दहा हत्ती मेले, तेव्हाही हेच आम्ल सापडले. असे नाव पिकाच्या अवस्थेचे असते, आणि पिकाच्या वंशचिन्हकांत ते शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

नमुन्यासोबतची नोंद म्हणूनच निर्णायक होय. १९८२ पूर्वीच्या पाकिटावर केवळ ‘कोदो, चंद्रपूर’ एवढेच असेल, तर ते बियाणे वरोऱ्याच्या शेतातले की भामरागडच्या उतारावरचे, हे त्यावरून ठरत नाही. सात उपसमूहांपैकी त्याचा समूह प्रयोगशाळेत निश्चित करता येईल; पेरणाऱ्याने त्यास काय म्हटले होते, हे मात्र त्या गावी जाऊन, जुने बियाणे राखणाऱ्या घरातच विचारावे लागेल.