काशीची गोड पेये आणि त्यांचे शाळकरी गिऱ्हाईक

वाराणसीतील माध्यमिक शाळांचे विद्यार्थी आज जी गोड पेये पितात, त्यांच्याकडे बहुधा आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्याखेरीज गोड पेय मुलाच्या हाती रोजच्या रोज कसे आले याचा उलगडा होत नाही. काशीला गोड पेय नवे नाही. नवे आहे ते त्यावरचे काळवेळेचे, ऋतूचे आणि संगतीचे बंधन सुटणे. साखर स्वस्त झाली, पेय करण्याचे श्रम गिऱ्हाइकाच्या नजरेआड गेले आणि ते एकट्याने, उभ्याउभ्या पिता येऊ लागले, तसतसे हे बंधन सैल होत गेले.

काशिराज दिवोदास धन्वंतरी याने ज्याला शल्यविद्या शिकवली असे परंपरा सांगते, त्या सुश्रुताच्या नावावरील संहितेत उसाचे प्रकार, गूळ, खंड आणि शर्करा यांचे गुणदोष सविस्तर आले आहेत, तसेच ‘पानक’ म्हणजे फळांच्या रसात साखर आणि मसाले घालून केलेल्या पेयांचेही; मराठी घरांतले कैरीचे पन्हे हे त्याच कुळातले. त्याच ग्रंथाच्या निदानस्थानात प्रमेहाची, म्हणजे आजचा मधुमेह ज्यात मोडतो त्या रोगसमूहाची, कारणे दिली आहेत. दिवसा झोपणारा, व्यायाम टाळणारा आणि थंड, स्निग्ध, गोड, मेद वाढवणारे पातळ अन्नपान सेवन करणारा माणूस पुढे प्रमेही होईल असे समजावे, असा त्याचा आशय आहे. गोड खाण्याबरोबर गोड आणि पातळ अशा पानाचाही त्यात वेगळा निर्देश आहे, ही बाब आजच्या संदर्भात विशेष लक्षणीय वाटते.

तरीही सामान्य माणसाच्या वाट्याला शुद्ध साखर फारशी येत नसे, कारण ती करणे हेच मोठे जिकिरीचे काम होते. वाराणसी, गाझीपूर, जौनपूर या पट्ट्यातली जुनी खांडसारी पद्धत अशी: कोल्हूत म्हणजे बैलांच्या चरकात ऊस पिळून त्याचा रस कढयांतून आटवायचा, तो दाट आणि रवाळ झाला की त्याला ‘राब’ म्हणत. ही राब पोत्यांत किंवा करंड्यांत भरून दाबली की त्यातली मळी, म्हणजे काळसर पातळ भाग, गळून जाई, आणि उरलेल्या रव्यावर ‘सिवार’ नावाचे पाण्यातले शेवाळ पसरून ठेवत. शेवाळातला ओलावा हळूहळू खाली झिरपताना रव्याला चिकटलेली मळी धुऊन नेई, वरचा थर पांढरा होई, तो खरवडून काढून उन्हात वाळवला जाई आणि मग पुन्हा ताजे शेवाळ पसरले जाई. असे थरामागून थर काढण्यात पुष्कळ दिवस मोडत, मळीच्या रूपाने बराच माल खाली जाई, आणि म्हणून पांढरी साखर देवाच्या नैवेद्यात, वैद्याच्या औषधात आणि श्रीमंताच्या सरबतात दिसे. कष्टकऱ्याच्या घरी पाहुण्याला गूळपाणी मिळे आणि हंगामात उसाचा रस.

ही साखर दूरवर जात असे. 1775 मध्ये बनारसचा प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर गंगेतून नावांनी कलकत्त्याकडे जाणाऱ्या साखरेवर कंपनीची नजर होती. पुढे 1791-92 च्या सुमारास इंग्लंडात गुलामगिरीच्या विरोधकांनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घातला, तेव्हा हिंदुस्थानी साखरेचा पर्याय म्हणून पुरस्कार झाला. मराठी वाचकाला अधिक जवळची वाट मात्र दक्षिणेची. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातला कापूस बैलांच्या तांड्यांवरून मिर्झापूरच्या पेठेत येई आणि त्या पेठेतून गंगाकाठची साखर मध्य हिंदुस्थान आणि दख्खनकडे जाई. काशीचे पुण्य आणि काशीकडची साखर या दोन्ही गोष्टी मराठी मुलखाला अशा एकाच दिशेने मिळत होत्या.

शहरातल्या पेयांत मानाचे स्थान ठंडाईचे. बडीशेप, खरबुजाच्या बिया, खसखस, मिरी, वेलदोडे, बदाम आणि गुलाबाच्या पाकळ्या भिजत घालून पाट्यावर वरवंट्याने गंधासारख्या वाटायच्या, ते वाटण दुधापाण्यात कालवून कपड्यातून गाळायचे आणि साखर घालून मातीच्या कुल्हडात ओतायचे. वाटणाऱ्याचे दंड भरून यावेत इतके हे काम असे. गुलाबासाठी शेजारचे गाझीपूर प्रसिद्ध होते, आणि 1824 मध्ये तेथून गेलेल्या बिशप हेबरने तिथल्या गुलाबमळ्यांची नोंद केली आहे. ठंडाईत अनेकदा भांग पडे, त्यामुळे तिला निष्पाप पेय म्हणता येणार नाही आणि मुलांचे पेय तर नाहीच. पण तिची वेळ ठरलेली होती. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरील 1988 च्या ग्रंथात ‘बहरी अलंग’ या प्रथेचे वर्णन केले आहे: शहराबाहेर, कित्येकदा गंगेपलीकडे, मित्रमंडळींसह जावे, कपडे धुवावेत, व्यायाम करावा, भांग घोटावी, स्नान करून परतावे. पेय हा त्या दिवसाचा एक भाग होता, श्रमांनंतर आणि चारचौघांत घेतलेला. ऋतूंचेही असेच होते. बेलाचे सरबत आणि कैरीचे पन्हे उन्हाळ्याचे, उसाचा रस गाळपाच्या दिवसांतला, आणि दुधाचा फेस रात्रीच्या दवात ठेवून केलेली मलइयो हिवाळ्याच्या सकाळची. ऊन चढले की ती विरून जाई, म्हणून दुपारी मिळणेच शक्य नसे.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगेच्या परिसरातल्या मराठी वस्तीनेही या क्रमात आपली भर घातली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे आणि आंब्याची डाळ हा मराठी घरांचा शिरस्ता, आणि त्यातही वर्षातला काळ नेमलेला. वेदशास्त्र शिकायला आलेले विद्यार्थी मराठी सरदारांनी आणि अन्य दात्यांनी चालवलेल्या अन्नछत्रांत जेवत. गुरूच्या घरी पाठ घेणाऱ्या आणि छत्रात जेवणाऱ्या अशा विद्यार्थ्याच्या हाती खर्चायला नाणे क्वचितच येई, त्यामुळे पेयांच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक म्हणून स्थान नव्हते.

हे स्थान नव्या शाळेने निर्माण केले, असे म्हणण्यास जागा आहे. 1818 मध्ये जयनारायण घोषाल यांची शाळा सुरू झाली, 1867 मध्ये भारतेंदु हरिश्चंद्रांनी चौखंबा भागात शाळा काढली, 1898 मध्ये अ‍ॅनी बेझंट यांनी सेंट्रल हिंदू कॉलेजची स्थापना केली, आणि घंटेवर चालणारा दिवस शहरात रूढ होत गेला. शेकडो मुले एकाच वेळी वर्गाबाहेर येतात, त्यांना तहानभूक लागलेली असते, घर लांब असते आणि वेळ थोडा असतो. मधल्या सुट्टीची ही स्थिती फेरीवाल्यासाठी जणू नेमून दिलेली पेठच ठरली. याच काळात गोटीने तोंड बंद होणारी सोड्याची बाटली आली. हिरम कॉड या इंग्रज कारागिराने तिचे पेटंट 1872 मध्ये घेतले, आणि पुढे ती उत्तर हिंदुस्थानात ‘बंटा’, तर महाराष्ट्रात गोटी सोडा म्हणून घरोघर ठाऊक झाली. पेय आधीच करून, बंद करून, हवे तेव्हा विकता येते, ही कल्पना या बाटलीने सर्वसामान्यांपर्यंत नेली.

साखरेची बाजू 1932 मध्ये पालटली. त्या वर्षीच्या संरक्षण कायद्याने परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि चारपाच वर्षांत देशातील आधुनिक कारखान्यांची संख्या सुमारे 30 वरून 130 च्या पुढे गेली. त्यांतले बहुसंख्य संयुक्त प्रांत आणि बिहारमध्ये होते. शेवाळाखाली अनेक दिवसांनी मिळणारा पांढरेपणा आता यंत्रातून तासांच्या हिशेबाने बाहेर पडू लागला.

पुढचा बाटलीबंद इतिहास देशाचा आहे तोच काशीचा. 1950 मध्ये दिल्लीत कोका-कोलाचा कारखाना निघाला, 1977 मध्ये कंपनी देश सोडून गेली, आणि त्या पोकळीत थम्स अप, कँपा कोला व सरकारी ‘डबल सेव्हन’ आले. 1985 मध्ये कागदी डब्यातल्या फ्रूटीने फळाच्या नावाखाली साखरपाणी शाळेच्या दप्तरात बसवले. 1990 मध्ये पेप्सी आली आणि 1993 मध्ये कोका-कोला परतली. यांपैकी सर्वांत दूरगामी पाऊल मात्र 2003 च्या सुमारास पडले, जेव्हा 200 मिलिलिटरची बाटली 5 रुपयांना विकली जाऊ लागली. ही किंमत शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसणारी होती.

या बाटल्या भरण्याचे एक केंद्र वाराणसीच्याच ग्रामीण भागात होते. राजातालाबजवळच्या मेहदीगंज येथील कारखाना कोका-कोलाने 1999 मध्ये हाती घेतला, आणि विहिरी व हातपंप आटत असल्याची तक्रार करीत लोकसमिती या संघटनेच्या पुढाकाराने ग्रामस्थांचे आंदोलन वर्षानुवर्षे चालले. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गवारीत मेहदीगंज ज्यात येते तो आराजीलाइन विकासगट 1999 मध्ये सुरक्षित होता. दहा वर्षांत तो चिंताजनक ठरला. कंपनीने भूजलाच्या घसरणीची जबाबदारी नाकारली. जून 2014 मध्ये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला, त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने काम पुन्हा सुरू करू दिले, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने विस्ताराचा प्रस्ताव मागे घेतला. ज्या तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी माणसे मोर्चे काढतात, तेथेच साखर घातलेले पाणी दुकानादुकानांत थंडगार मिळते, ही विसंगती आरोग्याच्या चर्चेत फारशी येत नाही. ती यायला हवी, कारण मूल काय पिते हे त्याला पाणी कुठे आणि कसे मिळते यावरही ठरते.

आजच्या विद्यार्थ्याभोवतीची कारणे या इतिहासातूनच आली आहेत. फाटकासमोरचे दुकान, हातातला थोडा पैसा, मित्रांचा आग्रह, क्रिकेटपटू आणि नट यांच्या जाहिराती, तासन्‌तास पडद्यासमोर बसणे ही ती कारणे. दुर्गाकुंडासारख्या शिकवणीवर्गांच्या भागात त्यांत रात्रीच्या जागरणाची भर पडते. अलीकडे छोट्या, स्वस्त बाटलीत मिळू लागलेली कॅफिनयुक्त ‘ऊर्जापेये’ मुलांसाठी नाहीत असे त्यांच्या वेष्टनावर छापावे लागते, पण छापील सूचना विक्री थांबवीत नाही. साध्या कोला पेयाच्या 100 मिलिलिटरमध्ये सुमारे 10 ते 11 ग्रॅम साखर असते, म्हणजे 250 मिलिलिटरच्या एका बाटलीत 25 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली अधिक काटेकोर मर्यादा, दिवसाच्या ऊर्जेच्या 5 टक्के, प्रौढ माणसालाही जवळपास इतक्यातच संपते. पातळ साखरेने पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून जेवण कमी होत नाही आणि ही ऊर्जा वरकड जमा होते. कुल्हडातल्या लस्सीतही साखर भरपूर असते, आणि परंपरेचे नाव लावल्याने ती कमी होत नाही. मात्र लस्सीबरोबर दूध-दही पोटात जाते, आणि ती दप्तरात घालून वर्गात नेता येत नाही.

नियम आता झाले आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून सर्व दिशांना 50 मीटरपर्यंत अतिसाखर, अतिस्निग्ध व अतिखारट पदार्थांच्या विक्रीला मनाई केली. महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांसाठी असा निर्णय 2017 मध्येच घेतला होता. सप्टेंबर 2025 मध्ये साखर घातलेल्या फसफसत्या पेयांवरील वस्तू व सेवा कर 40 टक्के झाला. परंतु पक्का महालसारख्या जुन्या काशीत, जेथे गल्ली तीन-चार हात रुंद असते आणि शाळा, देऊळ, घर व दुकान भिंतीला भिंत लावून उभे असतात, तेथे 50 मीटरच्या आत सबंध बाजार येतो, आणि तो हलवणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. मे 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांत ‘साखर फलक’, म्हणजे कोणत्या पेयात किती साखर आहे हे दाखवणारे तक्ते, लावण्यास सांगितले आणि 11 ते 18 वयाच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेपैकी 15 टक्के साखरेतून येत असल्याचे परिपत्रकात नमूद केले. हे परिपत्रक त्या मंडळाशी संलग्न शाळांनाच बंधनकारक आहे. वाराणसीतील इंटर कॉलेजांपैकी पुष्कळशी प्रयागराजच्या माध्यमिक शिक्षा परिषदेकडे आहेत, विणकरांच्या मोहल्ल्यांतली बरीच मुले मदरशांत शिकतात, आणि तेथपर्यंत तो फलक या परिपत्रकाने पोहोचत नाही.