डोकं उघडलं की गायब!

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक बग फार छळतो. प्रोग्राम नुसता चालवला की हजर, डीबगर लावला की गायब. मेंदूतल्या पाण्याचा इतिहास वाचताना मला सारखा तोच आठवत होता.

मेंदूभोवती आणि कण्यात मिळून साधारण १५० मिली पाण्यासारखा द्रव असतो. शरीर तो दिवसाला जवळपास ५०० मिली तयार करतं, म्हणजे सगळा माल रोज तीनेक वेळा बदलतो. एवढं असून १७६४ पर्यंत त्याची फारशी दखलच नव्हती. का? नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने त्या वर्षी कारण सांगितलं. प्रेताचं मुंडकं आधी धडावेगळं करायचं आणि मग मेंदू उघडायचा, अशी पद्धत होती. द्रव आधीच वाहून जायचा!

पुढे १७८७ मध्ये पाओलो मास्कान्यी या इटालियनानेच मेंदूच्या आवरणातल्या लसिकावाहिन्या, म्हणजे शरीराची ड्रेनेज लाइन, चित्रात काढून दाखवल्या. कोणी मनावर घेतलं नाही. मेंदूला अशी लाइनच नाही, असंच पुस्तकं सांगत राहिली. २०१५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गटाने उंदराचं आवरण कवटीला चिकटलेलं असतानाच रसायनाने पक्कं केलं, मग सोडवलं, आणि वाहिन्या दिसल्या. त्याच वर्षी हेलसिंकीतही दिसल्या. सव्वादोनशे वर्षं गेली, आयला!

हे झालं आवरणाचं. खुद्द मेंदूच्या आत? १९८५ मध्ये मेरीलँडच्या मार्शल रेनेल्स आणि पॅट्रिशिया ग्रेडी यांनी लिहिलं की द्रव रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने आत शिरतो. इतरांना तसा दिसेना, विषय मागे पडला. २०१२ मध्ये रोचेस्टरच्या जेफ्री इलिफ आणि मायकेन नेडरगार्ड यांनी जिवंत उंदराच्या कवटीतल्या काचेने बंद केलेल्या खिडकीतून, लेसर सूक्ष्मदर्शकाने चमकणाऱ्या रंगाचा प्रवास पाहिला. रक्तवाहिनीची धडधड हा पंप. वाहिनीला बिलगलेल्या पेशींवर अ‍ॅक्वापोरिन-४ नावाची पाण्याची दारं. द्रव तिथून आत येतो आणि कचरा घेऊन बाहेर पडतो.

२०१३ मध्ये त्याच गटाने सांगितलं की झोपेत उंदराच्या मेंदूतली पेशींमधली जागा १४ टक्क्यांवरून २३ वर जाते आणि अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड बीटा दुप्पट वेगाने निघतं. आपल्या गार्बेज कलेक्शनसारखंच, लोड कमी झाला की झाडू.

हे वाचून मला काका आठवला. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावाकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, म्हणून हरभऱ्याच्या ओलितासाठी काका थंडीत रात्री दोनला टॉर्च घेऊन वावरात. अमेरिकन क्लायंटपायी मीही जागाच असतो, पण माझ्या पायाखाली साप नसतो. शेवटी शेवटी आजीला त्याचंच नाव आठवेना. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता उंदरांचा वाटत नाही.

आणि उत्तर अजून पक्कं नाही! २०२४ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाला उलटंच दिसलं. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतून रंग जास्त हळू निघाला. विरोधकांचा आक्षेप असा की मेंदूत थेट सुई खुपसली की प्रवाहच बिघडतो. परत तोच बग, २६० वर्षांनी. :)

काकाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं ठरू दे बाप्पा. आज लाइन बाराले येते म्हन्ते."